आमची वाटचाल : अस्तर आधी, अंगरखा नंतर

ऐतिहासिक नाटकांसाठी अंगरखे, बाराबंद्या आणि जामे शिवणारे आमचे छोटे दुकान १९९६ साली सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत सुरू झाले. आईचे पायमशीन, एक लांब लाकडी टेबल आणि नाटकांच्या कपडेपटात वीस वर्षे कटिंग केलेले मास्तर, एवढेच भांडवल होते. मास्तर कागदोपत्री भागीदार नव्हते, तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांना भागीदारच मानले आणि नफ्यातला तिसरा वाटा दर दिवाळीला त्यांच्या हातात दिला. त्यांनी सोबत आणलेली कातर नऊ इंची पात्यांची होती. तिने कागद कापायला तर सोडाच, अस्तराचे जाड बुकरम कापायलाही ते कोणाला देत नसत. उजव्या हाताच्या मधल्या बोटातले पितळी अंगुस्तान घासून इतके पातळ झाले होते, की उन्हात धरले तर त्याच्या खळग्यांतून प्रकाश दिसे.

मास्तरांनी मला शिवण शिकवली नाही, ती मला येत होती. त्यांनी कापड शिकवले. अंगरख्याचा डौल घेराच्या तिरप्या कळ्यांवर, काखेत जोडायच्या तुकड्यावर म्हणजे चौबगल्यावर आणि छातीवरच्या पडद्यावर ठरतो असे शिकलेली मी, आणि ते म्हणत, "ताई, कळी नंतर कापू, आधी कापड अंगावर कसे पडते ते बघा." मग ते ताक्याचे टोक खांद्यावर टाकत, दोन पावले चालत आणि घेर कसा झुलतो हे मला दाखवत. रविवार पेठेतल्या कापडगंजात आम्ही दोघांनी किती दुपारी अशा काढल्या असतील याचा हिशेब नाही. मास्तर कापड नेहमी दुकानाबाहेर, रस्त्यावरच्या उजेडात बघत, कारण ट्यूबलाइटखाली मोतिया पांढरा आणि निळसर पांढरा सारखाच दिसतो.

या धंद्यातल्या लोकांना हिमरू आणि मश्रू या रेशीम-सुताच्या कापडांतला फरक सांगायची गरज नसावी, तरीही अलीकडे तो विसरला जातो म्हणून लिहिते. हिमरूत ताणा, म्हणजे उभे धागे, सुती आणि नक्षीचा बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमी असतो, तर मश्रूत ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो, आणि विणीमुळे रेशीम वर राहून सूत अंगाला लागते. म्हणूनच पाटण-मांडवीचे मश्रू घालून नट अडीच तास सुखाने उभा राहू शकतो. हिमरूच्या मागच्या बाजूला मात्र नक्षीचे सुटे धागे लोंबत असतात. त्यांत अंगठी अडकली, की भर प्रवेशात फुलाचे फूल ओढले जाते, म्हणून हिमरूला पूर्ण अस्तर लावल्याशिवाय तो नटाच्या अंगावर चढवू नये. पेशवाईतल्या कारभाऱ्यासाठी मात्र मी हिमरूचाही आग्रह धरत नाही. जेम्स वेल्सने रंगवलेले नाना फडणवीस पांढऱ्या वस्त्रांत आहेत, आणि चंदेरीचा किंवा चांगल्या मलमलीचा पांढरा अंगरखा रंगमंचावर जो अधिकार दाखवतो तो कोणत्याही जरीत नाही, हे माझे ठाम मत आहे. एकदा एका दिग्दर्शकांनी अठराव्या शतकातल्या सरदारासाठी विजेसारखा झळाळणारा जांभळा मागितला. पहिला कृत्रिम जांभळा रंग विल्यम पर्किनला १८५६ साली लंडनमध्ये सापडला, तेव्हा पेशवाई जाऊन अडतीस वर्षे झाली होती, हे मी त्यांना सांगितले आणि नीळ-मंजिष्ठेच्या मेळातला दबका रंग दाखवला. त्यांनी तोच घेतला.

आता ज्या प्रसंगामुळे आमचे दुकान बंद पडायची वेळ आली होती, त्याबद्दल लिहिते. २००७ च्या उन्हाळ्यात पानिपतच्या काळावरच्या एका नाटकाचे चौतीस अंगरखे आमच्याकडे आले. एवढे मोठे काम आम्हाला तोवर कधीच मिळाले नव्हते. वरचे कापड पांढरी चंदेरी ठरले, आणि नट वळला की घेराखालून लाल रंग चमकावा म्हणून आत गडद लाल सुती अस्तर घ्यायचे ठरले. अस्तराचा व्यापारी नवा होता. त्याने रंग पक्का असल्याची हमी दिली. कोणतेही रंगीत अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून, सावलीत वाळवूनच कापायचे, हा मास्तरांचा नियम होता. प्रयोगाला अकरा दिवस उरले होते. चौतीस अंगरख्यांचे अस्तर भिजवण्यात आणि वाळवण्यात दोन दिवस जातील म्हणून तो नियम मी मोडला. मास्तर त्या दिवशी काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी अस्तराचा एक तुकडा कापून स्वतःच्या डब्यात ठेवला.

तिसऱ्या प्रयोगाला, मे महिन्याच्या उकाड्यात, दिव्यांच्या तापाखाली लाल रंग फुटला. आधी काखांत, मग पाठीवर, मग कमरेच्या बंदांपाशी पांढऱ्या चंदेरीवर डाग उमटले, आणि दुसऱ्या अंकात तर प्रमुख नटाच्या पाठीवर हाताएवढा धब्बा दिसू लागला. मी शेवटच्या रांगेत बसले होते. घरी येऊन पाहिले, तर मास्तरांनी डब्यातला तुकडा काढून पाण्याच्या पेल्यात टाकलेला होता आणि पेला कुंकवासारखा झाला होता. निर्मात्यांनी उरलेले पैसे दिले नाहीत आणि उचलही परत मागितली, जी मी आईच्या पाटल्या गहाण टाकून फेडली.

चूक माझी होती, आणि ती मी कधी नाकारली नाही. पण त्यानंतर जे घडले ते मात्र आजही मनातून जात नाही. आमच्याच गल्लीपलीकडच्या एका कपडेपटवाल्याने दहा दिवसांत चौतीस अंगरखे पॉलिएस्टरच्या साटिनात शिवून दिले आणि सगळ्या नाट्यसंस्थांत सांगत सुटला, की आमच्याकडचा रंग उतरतो, आम्हाला कापड कळत नाही. त्याच्या अंगरख्यांना घेर होता पण पडण नव्हती. कापड अंगाभोवती फुगून राहत असे, घाम शोषत नसे, आणि प्रकाश पडला की सगळ्या पात्रांवर, सेवकापासून सेनापतीपर्यंत, एकच पाणीदार चमक येई. प्रेक्षकांना काय कळते, असे तो म्हणत असे. प्रेक्षकाला कापडाचे नाव कळत नसेल, पण समोरचा माणूस त्या काळातला वाटतो की नाही हे त्याला पहिल्या क्षणी कळते, आणि ते कळण्यात निम्मा वाटा कापडाचा असतो. तीन वर्षे आम्हाला पाच अंगरख्यांच्या वरचे काम मिळाले नाही.

त्या काळात आम्ही ते चौतीसही अंगरखे उसवले. चंदेरीतली जेवढी वाचली तेवढी वाचवली, बाकीची नवी घेतली, आणि सगळ्यांना न रंगवलेल्या सुती मांजरपाटाचे अस्तर लावून पुन्हा शिवले. हे कोणी सांगितले नव्हते. मास्तर म्हणाले, "आपल्या हातून खराब गेलेली वस्तू तशीच ठेवायची नाही." ते अंगरखे कपाटात पडून होते, तेव्हा सांगलीहून एक निवृत्त शिक्षक आले, जे तिथल्या शाळांची नाटके बसवत. सांगलीच्या माणसाला नाटकाचे वेगळे कौतुक असते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तिथेच पहिला प्रयोग केला. गुरुजींनी एक अंगरखा उलटा करून अस्तर पाहिले, चौबगल्याची शिवण नखाने ओढून पाहिली आणि बारा नग भाड्याने नेले. पुढे दरवर्षी ते येत राहिले, आणि त्यांच्या सांगण्यावरून मिरज, इस्लामपूर, कोल्हापूरचे लोक येऊ लागले. पुढची दहा-बारा वर्षे नीट गेली.

नव्याने हे काम करणाऱ्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ओला पांढरा रुमाल कापडावर जोराने घासा. रुमालाला रंग लागला तर व्यापाऱ्याची कोणतीही हमी ऐकू नका. धाग्याला काडी लावून पाहा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. एका अंगरख्याचे सगळे कापड एकाच ताक्यातून घ्या. हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुधा लहान असतो, तेव्हा मीटरचा हिशेब पन्हा मोजल्यावरच करा. मखमलीच्या सगळ्या कळ्या लवेच्या एकाच दिशेने कापा, नाहीतर दिव्याखाली एक कळी काळपट आणि शेजारची उजळ दिसेल. आणि प्रत्येक कामातला वीतभर तुकडा, चिठ्ठी लावून, जपून ठेवा.

गेल्या महिन्यात गुरुजींचा एक विद्यार्थी, जो आता स्वतः नाटके बसवतो, त्या चौतिसांतला एक अंगरखा दुरुस्तीला घेऊन आला. काखेतला चौबगला विरला होता. बाकी अस्तर धुऊन धुऊन मऊ झाले होते आणि शिवण कुठेच सुटली नव्हती. मास्तरांच्या डोळ्यांनी आता काम होत नाही, ते घरीच असतात, पण त्यांचे कप्पे आम्ही हलवलेले नाहीत. तिसऱ्या कप्प्यात, त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठीसह, त्याच चंदेरीचा आणि त्याच मांजरपाटाचा तुकडा घडी घालून ठेवलेला सापडला. नवा चौबगला त्यातूनच निघाला.