दारू, गोळी आणि फोन
आज एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथे, एका दादांनी खाली मान घालून सांगितले, की दारू घेतली की त्या रात्री ते एचआयव्हीची गोळी मुद्दाम टाळतात, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास विष होते अशी त्यांची पक्की समजूत आहे. दारू झाली तरी गोळी चुकवू नका, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा समजावले. न्यूयॉर्कमधील ‘हेल्थकॉल’ उपक्रमात एचआयव्हीचे रुग्ण दारू कमी करण्याच्या समुपदेशनानंतर रोज काही मिनिटे फोनवरच्या रेकॉर्ड केलेल्या प्रश्नांना उत्तरे देऊन आदल्या दिवशी किती प्यायलो याची नोंद करत आणि महिन्याने समुपदेशक त्या नोंदींचा आलेख त्यांच्यासमोर ठेवत असे. असे काही आपल्याकडे व्हावे, असे मनापासून वाटते. मात्र घरात फोन सगळेच हाताळतात, म्हणून अशा प्रश्नांत किंवा संदेशात आजाराचा उल्लेख मुळीच नसावा. दादांना मी त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतच फोन करणार आहे.