सपाट तळ आणि अर्धी गोळी

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉइंग फ्रीज होणार होतं. म्हणजे गोळ्यांच्या डबीची सगळी मापं कायम करायची आणि फाइल साचा बनवायला पाठवायची. डबीला आठवड्याच्या सात दिवसांचे सात कप्पे आणि प्रत्येकाला वेगळं झाकण. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसांसाठी ती होती. चार महिन्यांतले जवळजवळ तीन मी झाकणावरच घालवले होते: बिजागरी, खटका, बोट अडकवायची कड. ब्रीफमधलं, म्हणजे काम काय करायचं ते सांगणाऱ्या कागदातलं, पहिलंच वाक्य होतं, ‘झाकण कमीत कमी जोर लावून उघडलं पाहिजे.’

त्या दिवशी शेवटची चाचणी होती. पाचजणांना बोलावलं होतं. वापराच्या चाचणीत पाच माणसांकडून बहुतेक अडचणी कळतात, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालच्या लेखातून सगळ्यांपर्यंत पोचवलेलं गणित आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. मला ते पटतं, फक्त बघणाऱ्याची नजर नको तिथे खिळलेली नसावी. माझी झाकणावर खिळली होती. पहिल्या दोघांनी झाकणं भराभर उघडली, मी वेळ लिहून घेतली आणि पुढे गेले.

तिसऱ्या काकू होत्या. त्यांच्या उजव्या तर्जनीचं टोकाजवळचं पेर सुजून वाकडं झालेलं. त्यांना सांगितलं, बुधवारची गोळी काढा. कप्प्यात साखरेची अर्धी तोडलेली गोळी होती. झाकण टिचकीसरशी उघडलं. मग त्यांनी बोट आत घातलं. अर्धी गोळी सपाट तळावर, कोपऱ्यात आडवी बसली होती. बोटाचं टोक कोपऱ्यात पोचेना. नखाने उचकून पाहिलं, ती पुन्हा खाली बसली. तेव्हा काकूंनी सहजपणे डबी तळहातावर उपडी केली. खटका आम्हीच इतका हलका करून ठेवला होता, की गुरुवार आणि शुक्रवारची झाकणंही उघडली. गोळ्या टेबलावर सांडल्या. काकूंनी त्या न बोलता गोळा करून परत भरल्या. शुक्रवारची एक गोळी गुरुवारात गेली.

आणि म्हणाल्या, “छान आहे हो. झाकण अगदी हलकं आहे.”

फक्त प्रश्नावली भरून घेतली असती, तर ही चाचणी पास झाली असती. पाचांपैकी एकानेही त्या दिवशी तक्रार केली नाही. माणसं वस्तूच्या उणिवा आपल्या अंगावर घेतात, हात वाकडा करून काम भागवतात आणि भागलं की ते विसरतात. स्वयंपाकाची साधनं बनवणाऱ्या ऑक्सो कंपनीच्या, वरून बघूनच माप कळणाऱ्या तिरक्या मापपात्राची गोष्ट डिझाइनवाले एकमेकांना सांगतात ती याचसाठी. जुन्या मापात काय खटकतं असं विचारलं, तर लोक निसरडी मूठ सांगत. माप बघायला पुन्हा पुन्हा वाकावं लागतं, हे कोणी बोललं नव्हतं. ते त्यांना बघूनच कळलं.

मी विचारलं, “काकू, घरी कशी घेता?”

“सकाळीच दिवसभराच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते. वाटीच्या कडेने सरकवली की येते बोटावर.”

ब्रिटनच्या डिझाइन काउन्सिलमुळे रूढ झालेली ‘डबल डायमंड’ ही आकृती आमच्या भिंतीवरच लावलेली होती. पहिला हिरा नेमका प्रश्न शोधायचा, दुसरा उत्तर शोधायचा. दोन्हींत आधी पसरायचं, मग आवळायचं. आम्ही ब्रीफमधलं वाक्य हाच प्रश्न धरला आणि थेट दुसऱ्या हिऱ्यात शिरलो. झाकण उघडणं हे गोळी तोंडात जाण्याच्या वाटेवरचं एक पाऊल आहे, एवढं साधं मला चार महिने दिसलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत मॉडेलिंगची क्ले घेतली आणि थ्रीडी प्रिंटच्या कप्प्यांचे कोपरे अंगठ्याने भरून तळ गोल केला. चिकटू नये म्हणून वर गुळगुळीत टेप लावली. दुपारी चौथ्या आजोबांनी एकाच बोटाने अर्धी गोळी कडेपर्यंत वर आणली. पाचव्या बाईंची मात्र दोनदा घसरून खाली गेली, कारण पुढचा चढ फार उभा झाला होता. तिथल्या तिथे थोडी क्ले खरवडून तो सौम्य केला.

संध्याकाळी प्रोजेक्टच्या प्रमुखांनी विचारलं, “कोणी तक्रार केली का?” मी नाही म्हटलं आणि काकूंच्या हातांचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ लावला. त्यांनी तो दोनदा बघितला. मग टूल डिझायनरला, म्हणजे साचा आखणाऱ्याला बोलावलं. तळ गोल केला की जागा कमी होणार, मोठी कॅप्सूल मावायची तर कप्पा रुंद हवा. कप्प्याची पोकळी साच्यातल्या कोअरमुळे, म्हणजे आत घुसणाऱ्या स्टीलच्या ठोकळ्यामुळे तयार होते, म्हणजे कोअर जाड करावा लागणार. तो म्हणाला, “स्टील कापून काढणं सोपं, पण घालायचं तर वेल्डिंग. उद्या ऑर्डर गेली असती, तर मी हात जोडले असते.” आज फक्त ड्रॉइंग बदलायचं होतं.

फ्रीज तीन आठवडे पुढे गेलं. खटका आम्ही मुद्दाम थोडा घट्ट केला. जोर कमी लागावा म्हणून बोटाची कड लांबवली.

साच्यातून पहिले नमुने आले, तेव्हा मापांची तपासणी बाजूला ठेवून मी आधी एक गोळी मधोमध तोडली, बुधवारच्या कप्प्यात टाकली आणि तर्जनी मिटून करंगळीने वर सरकवली. ती कडेवर येऊन थांबली.