बोल्ट एक, कास्टिंग दोन

उद्यमनगरातील आमच्या छोट्या कारखान्यात कडबाकुट्टी यंत्राची दोन मॉडेल्स तयार होतात. मार्चअखेरीस मालाची मोजदाद करताना एम-८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचे, बोल्ट २०, २२, २५, २८ आणि ३० मिलिमीटर अशा पाच लांब्यांचे निघाले. त्यांतील २२ आणि २८ कोणी व का योजले, हे कोणालाच सांगता येईना. ड्रॉइंग करणाऱ्याने, म्हणजे बहुधा मीच, त्या त्या वेळी पट्टीची जाडी मोजून लांबी लिहून टाकली असावी. ही दोन मापे दुकानात सहसा तयार मिळत नाहीत. दिवाळीच्या तोंडावर २२ चे बोल्ट संपले, तेव्हा जोडणीला आलेली यंत्रे दोन दिवस अडून राहिली होती.

आता २२ च्या जागी २५ आणि २८ च्या जागी ३० वापरतो. बोल्ट दोन-तीन मिलिमीटर अधिक बाहेर येतो, त्याची किंमत नगण्य आहे. खरी बचत बोल्टच्या दरात नसून राखीव साठ्यात, म्हणजे अचानक मागणी वाढली तर हाताशी ठेवलेल्या जादा मालात आहे. चार मापांची मागणी सारखीच पण एकमेकांशी संबंध नसलेली असेल, तर ती एका मापात एकवटल्यावर एकूण राखीव साठा जवळपास निम्म्यावर येतो, कारण एकाची वाढ दुसऱ्याच्या घटीत जिरते. फ्रेंच सैन्यातील अभियंता शार्ल रेनार याने एकोणिसाव्या शतकात बलूनच्या दोरांची ४२५ मापे १७ वर आणली, ती मापांमधील अंतर ठरावीक गुणोत्तराने वाढवून. आमच्या पाच लांब्यांपुढे हे उदाहरण जरा भारदस्तच आहे.

या उत्साहात दोन्ही मॉडेल्सना एकच बेअरिंग हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते ते ओतीव घर, द्यावे, असे वाटू लागले. बेअरिंग दोन्हीकडे ६२०५, म्हणजे बोअर (आतले छिद्र) २५, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. त्यामुळे मशिनिंगचे सेटिंग आणि गेज एकच राहते, ते उत्तमच. परंतु फौंड्री कास्टिंगचे पैसे किलोवर घेते. मोठे हाउसिंग लहान यंत्राला बसवले, तर नगामागे ८०० ग्रॅम बीड (ओतीव लोखंड) फुकट जाते. किलोला १०० रुपये धरले, तर वर्षाच्या ५०० नगांवर ४०,००० रुपये होतात, आणि हा खर्च दरवर्षीचा आहे. दुसरा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात तो नमुना, मात्र एकदाच करावा लागतो. वर्षाला पन्नासच नग खपत असते, तर मी उलट निर्णय घेतला असता.

पॅटर्न दोनच ठेवले आहेत. फक्त पायाच्या छिद्रांमधील अंतर दोन्हींत सारखे करून घेतले, म्हणजे छिद्रे नेमक्या जागी पाडायला लागणारे ड्रिल जिग एकच पुरेल.