शामच्या वाटेवरचा रानगुलाब

लिकिर ते तेमिसगाम हा लडाखच्या शाम भागातला सोप्यातला ट्रेक. बहुतेक जण तो गोम्पा (बौद्ध मठ) आणि होमस्टेसाठी करतात. आम्ही जूनअखेरीस गेलो ते रानगुलाब बघायला. शास्त्रीय नाव रोझा वेबियाना, स्थानिक लोक ‘सिया’ म्हणतात.

उघड्या उतारांवर शोधत बसलात तर दिवस फुकट जाईल. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे हे झुडूप ओलीच्या आसऱ्याने वाढतं: ओढ्याचा काठ, शेताला पाणी नेणाऱ्या पाटाचा बांध, दगडी कुंपणाचा पाया. दुरून हिरवी रेघ दिसली की तिकडे वळायचं. वाटेतल्या यांगथांग गावाच्या अलीकडे ओढ्यालगत आम्हाला पुरुषभर उंचीची जाळीच लागली.

फूल एकेकटं, आखूड फांदीच्या टोकाला. पाच गुलाबी पाकळ्या, मध्याशी फिकट होत गेलेल्या, आत पिवळ्या पुंकेसरांचा झुपका. पण नुसत्या फुलावर भरवसा ठेवू नका. खरी ओळख काट्यांत आहे: सरळ, बारीक, पिवळसर, बरेचदा पानाच्या बुडाशी जोडीने. पानात पाच ते नऊ पर्णिका, म्हणजे एका देठावरची छोटी पानं, प्रत्येक जेमतेम नखाएवढी, गोलसर. रोझा मॅक्रोफिला या दुसऱ्या हिमालयी गुलाबाच्या पर्णिका बऱ्याच मोठ्या असतात, शिवाय त्याला जास्त ओल्या डोंगरउतारांची आवड. घरांपाशी पिवळा गुलाब दिसला तर तो लावलेला, रानातला नव्हे. शेजारी सीबकथॉर्नही असतं आणि तेही काटेरी. पण त्याची पानं अरुंद, रुपेरी.

फोटो काढताना काटे, फुलाचा देठ आणि पानाची खालची बाजूही घ्या. आमच्यातल्या उत्साही मंडळींनी फक्त फुलंच टिपली आणि रात्री होमस्टेत वाद घालत बसली!

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, ट्रेकआधी तिथे किमान दोन दिवस आराम हवाच. वाटेत सावली जवळजवळ नाहीच. पहाटे निघा, पाणी भरपूर घ्या. बाह्या लांब असू द्या, जाळीत हात घालायचा मोह होतोच.

जून-जुलै जमत नसेल तर सप्टेंबरात जा. तेव्हा फुलं नसतात, पण सुरईसारखी लाल फळं लगडलेली असतात आणि त्यांच्या टोकाला फुलाची हिरवी दलं सुकून तशीच चिकटलेली असतात. ओळख पटायला तेवढं पुरतं.