आग्वाद आले, घर काही येईना

हिवाळाभर गोव्याहून कोकण किनाऱ्याने मुंबईपर्यंत जाऊन मी आणि नवरा आमच्या शिडाच्या बोटीने परत आलो. जाताना दुपारी समुद्रावरून येणारा वायव्येचा खारा वारा थेट तोंडावर, त्यामुळे बरीचशी वाट पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर कापावी लागली. येताना तोच खारा वारा पाठीशी, म्हणजे निव्वळ चैन. हर्णै, जयगड, विजयदुर्ग, देवगड एका ओळीत संपवते, कारण तिथे तक्रार करण्यासारखे काही घडलेच नाही. निवतीला एका मच्छीमाराने होडी जवळ आणून टोपलीभर बांगडे दिले. पैसे विचारले तर म्हणाला, "पैसे कसले? खावा आधी," आणि निघून गेला. वेंगुर्ला रॉक्सचे दीपगृह मागे पडले, गोव्याच्या हद्दीवरचा तेरेखोलचा किल्ला दिसला आणि मला वाटले, झाले, पोचलो.

खरी गंमत पुढेच होती. हरमल, मोरजी, शापोरा शांतपणे गेले. कळंगुटपासून जेट-स्कीवाल्यांनी घेरले. एका पाहुण्याने आमच्याभोवती गिरकी घेतली, फोटो काढला आणि ओरडून विचारले, "एका राउंडचे किती घेता?" नवरा सुकाणूवर होता. त्याने गंभीरपणे सांगितले, "तीन महिन्यांची राउंड आहे." तो पाहुणा खरोखरच विचारात पडला.

कांदोळी-सिकेरीच्या समोरून जाताना आम्ही नेहमीच जरा बाहेरून जातो. 2000 च्या पावसाळ्यात 'रिव्हर प्रिन्सेस' हे अख्खे जहाज इथल्या वाळूत रुतले आणि दशकभराहून जास्त काळ तसेच पडून राहिले. एवढ्या धुडाची ही गत, तर आमचे काय! आमच्या मांडवी नदीच्या मुखाशीही पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. आमची बोट पाण्याखाली साडेचार फूट खोल, आणि आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. मुंबई बंदरात मोठ्या भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो, आपल्याकडे जेमतेम दोन-सव्वादोन. तरी तेवढ्यानेही अडायचे ते अडतेच. मुखावरच्या आग्वाद किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला आणि बसलो. समोर पणजी दिसतेय, पलीकडच्या काठावर बेती, तिथे आमचे घर, आणि आम्ही पाण्यावर डुलतोय. त्यात बोटीवरचे पिण्याचे पाणी संपलेले. 1612 साली बांधलेल्या ज्या किल्ल्यावर युरोपातून येणारी जहाजे गोडे पाणी भरून घेत, त्याच्याच पायथ्याशी मी पॅरासेलिंगच्या पोराकडून दोन बाटल्या मागून घेतल्या. त्याने थंडगार दिल्या, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

अंधार पडल्यावर पाणी चढू लागले. पौर्णिमा उलटलेली, चंद्र उशिरा उगवणार. शीड उतरवून इंजिनवर आत शिरलो. नदीत शिरताना वाट दाखवणारे तरंगते बोये असतात, तांबडे डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला ठेवायचे, इतका सोपा नियम. पण उजव्या हाताला पणजी, आणि पणजीच्या पुढ्यात कॅसिनोची जहाजे, अंगभर हिरवी, जांभळी, गुलाबी रोषणाई करून. त्यात बोयाचा एक बिचारा हिरवा दिवा शोधायचा! आख्खा हिवाळा आम्ही काळ्याकुट्ट खाड्यांतून बिनधास्त शिरलो आणि आपल्याच नदीत आंधळे झालो. या रोषणाईबद्दल माझे मत विचारू नका, घरी रोज ऐकून नवरा कंटाळलाय.

बोयाचा दिवा ठरलेल्या अंतराने लुकलुकतो, रोषणाई मनाला येईल तशी. म्हणून मी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून मोजू लागले. एक, दोन, तीन... आणि काठावर ढोल सुरू झाले. पणजीत त्या दिवशी शिगम्याची, म्हणजे गोव्याच्या शिमग्याची, मिरवणूक होती! नाचत जाणाऱ्या रोमटामेळाचे ढोल-ताशे पाण्यावरून असे येत होते की माझे आकडे त्यांच्या ठेक्यात जाऊन पडायचे. "दिसला का?" मागून नवरा. "अरे, ते ढोल थांबव आधी!" मी चिडून ओरडले, आणि मग मलाच हसू फुटले, डोळेही भरले. ताशा चढत गेला की अंगावर काटा येतो, त्याला मी काय करणार? बोया दिसला तो अगदी शेजारी आल्यावर, हात लांबवला असता तर लागला असता. नवऱ्याने ते हसण्यावारी नेले नाही.

बेतीला शेजारचा मच्छीमार जाळे विणत बसला होता. दोर पकडत म्हणाला, "इतले दीस खंय आशिल्लीं तुमी?" आणि उत्तराची वाट न पाहता यंदा बांगडा किती कमी मिळाला ते सांगू लागला. नवरा बोटीवरच आडवा झाला. मी मात्र खारट केसांनिशी फेरीबोट पकडून पणजीला गेले. शेवटचे दोन चित्ररथ मिळाले. पायाखालचा रस्ता अजून हलत होता, त्यामुळे गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातले ऑम्लेट, मागताना मी गाडाच धरून उभी होते. गाडेवाल्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि न विचारताच लिंबूपाणी पुढे केले. मी प्यायलेली नाही, हे त्याला पटवण्याच्या भानगडीत न पडता दोन पाव जास्त मागितले.