आठशेचा वॉटर पंप: बोल्ट लागले, पण पट्टा सरळ येईना

मारुती ८००चा नवा वॉटर पंप (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणारा) बसला, पट्टा एका रेषेत धावतोय आणि फोंडा घाट चढून दाजीपूरला पोचेपर्यंत तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही. मागच्या नोंदीत गाडी पुढून मोकळी करून ठेवली होती, तिथून आजपर्यंतचं काम इथे सविस्तर लिहितोय. आठशे सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांना हाच पंप याच खोक्यातून मिळणार आहे, म्हणून मापं आणि पद्धत दोन्ही देतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: गाडी नव्वदच्या दशकातली मारुती ८००, कार्बोरेटरवाली. मुक्काम देवगड, समुद्र हाकेच्या अंतरावर. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी गळायला लागलं होतं, म्हणजे आतलं पाणी अडवणारं सील गेलं होतं. त्या भोकाचं कामच ते आहे: सील फुटलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं. काही जण ते भोक एम-सीलने बुजवतात. तसं अजिबात करू नका, थोड्याच दिवसांत बेअरिंग गंजून आवाज करायला लागतं.

८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. अस्सल भाग अजून मिळतात, पण हवा तो भाग हवा तेव्हा मिळेलच असं नाही. कणकवली, कुडाळला चौकशी केली, कोल्हापूरला फोन लावले, पंप कुठेच शिल्लक नव्हता. म्हणून बाजारातला स्वस्त पंप पार्सलने मागवला. खोक्यावर ठळक अक्षरात ‘८००/ऑम्नी/अल्टो’.

इथेच पहिली शंका यायला हवी. आपल्या कार्बोरेटरवाल्या ८००चं आणि जुन्या ऑम्नीचं इंजिन एफ८बी, तीन सिलिंडर, प्रत्येकी दोन वॉल्व्ह. २००० साली आलेल्या अल्टोचं एफ८डी, प्रत्येकी चार वॉल्व्ह. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२ मिमी, म्हणून दोन्ही ७९६ सीसी. एवढ्या साम्यावर खोकी छापणारे सगळं एकाच नावाखाली भरतात. मधल्या काळात काही ८००मध्येही बारा वॉल्व्हचं इंजिन आलं होतं, त्यामुळे नुसतं ‘८००चा पंप द्या’ म्हणून भागत नाही. इंजिन कुठलं आणि गाडी कुठल्या सालची ते सांगा, आणि जमलं तर जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा.

पंप आल्यावर तो घेऊन आमच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी हातात घेऊन फिरवला, कानाजवळ नेऊन बेअरिंग ऐकलं आणि म्हणाले, “बसतलो रे तो, सगळे बोल्ट लागतले. पण पट्टो सरळ धावूचो नाय. जुनो खंय हा? तो हाड आधी.”

जुना पंप मी ठेवलाच होता. जाड सपाट काचेच्या तुकड्यावर दोन्ही पंप शेजारी शेजारी ठेवले आणि व्हर्नियरने तीन मापं घेतली: पॅकिंग बसतं त्या तोंडापासून पुली बसते त्या चकतीपर्यंतची, म्हणजे फ्लँजपर्यंतची उंची, त्याच तोंडापासून इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) पात्यांच्या कडेपर्यंतची खोली, आणि बोल्टच्या भोकांमधलं अंतर. भोकं अचूक जुळली. फ्लँज मात्र जुन्यापेक्षा दीड मिलिमीटर वर, आणि इंपेलरची पाती जवळजवळ पाऊण मिलिमीटर जास्त खोल.

दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण वॉटर पंपाची पुली, क्रँकची पुली आणि अल्टरनेटरची पुली एकाच पट्ट्यावर आहेत. त्यातली एक बाहेर आली की व्ही-पट्टा खाचेत तिरका शिरतो, एका कुशीने घासतो, सकाळी गार इंजिनावर किंचाळतो आणि काळी भुकटी पाडतो. मग माणूस पट्टा आणखी ताणतो. तो ताण थेट पंपाच्या बेअरिंगवर येतो, बेअरिंग ढिलं झालं की सील हलतं आणि पुन्हा गळती. लोक म्हणतात ‘स्वस्तातलं सील टिकत नाही’. पुष्कळदा दोष सीलचा नसतोच, फ्लँजच्या उंचीचा असतो.

इंपेलरचं प्रकरण जास्त गंभीर होतं, कारण ते बाहेरून दिसत नाही. पाती आणि ब्लॉकची आतली भिंत यांत किती जागा उरते हे मोजायला शाडूची माती वापरली. इथे गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात त्या जागी) चिमूटभर शाडू मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. घट्ट मळलेल्या मातीच्या छोट्या गोळ्या दोन समोरासमोरच्या पात्यांवर चिकटवल्या, ब्लॉकच्या आत तेलाचा पुसट हात फिरवला म्हणजे माती तिकडे चिकटत नाही. नवं पॅकिंग घालून पंप बोल्टांनी पूर्ण आवळला, हाताने एक फेरा दिला आणि परत उतरवला. दाबल्या गेलेल्या मातीची जाडी एका बाजूला जेमतेम ०.२ मिमी. जुन्या पंपावर हीच चाचणी केली तर १ मिमीच्या आसपास. गार इंजिनावर ०.२ म्हणजे गरम झाल्यावर आणि बेअरिंगला थोडा खेळ आल्यावर पाती भिंतीला लागणारच. आणि पॅकिंगशिवाय ही चाचणी करण्यात अर्थ नाही, पॅकिंगच्या कागदाची जाडीही या हिशेबात येते.

पंप कोल्हापूरला नेला. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही, पण असं बारकं काम मन लावून करणारा माणूस मिळायला हवा, तो मिळाला. फ्लँज प्रेसवर दीड मिलिमीटर आत दाबून घेतली. दाबताना पंपाची बॉडी टेकवायची नाही. तशी टेकवली तर सगळा जोर बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेत खड्डे पडतात आणि पंप फिरायला लागल्यावर घरघरतो. शाफ्टचं मागचं टोक टेकवायचं, म्हणजे जोर शाफ्टमधूनच सरळ जातो.

इंपेलर मात्र दाबून सरकवायचा नाही, हे त्या कारागिराचं म्हणणं आणि मला ते पूर्ण पटलं. इंपेलर आणि बॉडीच्या मध्ये सीलची स्प्रिंग ठरावीक उंचीवर दाबलेली असते. इंपेलर आत ढकलला की ती जास्त दाबली जाते आणि सीलचं तोंड लवकर झिजतं. म्हणून पात्यांच्या कडाच लेथवर हलक्या हाताने खरवडून घेतल्या. इंपेलर बिडाचा होता म्हणून हे जमलं. पत्र्याचा असता तर पंप परत पाठवणं हाच उपाय होता. घरी येऊन पुन्हा शाडू लावली: ०.९ मिमी, दोन्ही बाजूंना सारखी.

पंप आणि लेथची मजुरी धरली तर खर्च अस्सल पंपाच्या जवळ गेला. गाडी उभी होती आणि अस्सल मिळत नव्हता, म्हणून तो योग्यच होता असं माझं मत आहे. अस्सल मिळत असेल तर हा खटाटोप करू नका.

बाकीचे भाग भराभर सांगतो. थर्मोस्टॅटवर (पाणी ठरावीक तापल्यावर उघडणाऱ्या झडपेवर) ८२ अंश हा आकडा कोरलेला होता. पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसकट टांगून बघितला, उघडायला सुरुवात झाली तीच नव्वद उलटल्यावर. शिवाय त्याची कड खाचेत पूर्ण बसत नव्हती. अशा कडेवर थर्मोस्टॅटवरची अ‍ॅल्युमिनियमची टोपी आवळली तर टोपीलाच तडा जातो. तो बाद. दुसरा, जरा महागातला घेतला, त्याची हलणारी बारीक पिन वरच्या बाजूला ठेवून बसवला म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

रेडिएटरचं झाकण हा छोटा भाग आहे, पण तापणाऱ्या गाड्यांत याच्याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं. ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. स्वस्त झाकणाचं खालचं रबर मानेच्या आतल्या कडेपर्यंत पोचतच नसेल तर दाब तयारच होत नाही आणि तेच पाणी शंभरला उकळतं. जुन्या झाकणाच्या कडेपासून खालच्या रबरापर्यंतची उंची मोजा, नवं तेवढंच हवं.

पंपाबरोबर आलेलं पॅकिंग पातळ आणि ठिसूळ होतं. त्यावर सिलिकॉनचा थर देणं हा रस्त्यारस्त्यावरचा उपाय आहे. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगतं, सुटतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतं. मी चांगल्या जाड पॅकिंग पेपरवर जुन्या पंपाचं तोंड आखून नवं पॅकिंग कापलं.

आता आट्यांबद्दल, कारण इथे कोकणात हा रोजचा त्रास आहे. खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गंजतात, डोकी तुटतात, मग हार्डवेअरच्या दुकानातून बदली बोल्ट येतो. जपानी घडणीच्या इंजिनात एम १० चे (१० मिमी जाडीचे) बोल्ट बहुधा १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) असतात. आपल्या हार्डवेअरमध्ये सहज मिळतो तो १.५ चा. तो पहिले दोन आटे आनंदाने घेतो, मग जड जातो, आणि पाना लावून जोर केला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे ओरबाडून निघतात. पिच गेज स्वस्त मिळतो, तो हत्यारांच्या पेटीत हवाच. बोल्ट स्टेनलेसचा लावत असाल तर आट्यांना तांबं नसलेलं अँटी-सीझ ग्रीस लावा. समुद्राच्या हवेत स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आणि पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी रेडिएटरात घालायची इथे सर्रास सवय आहे. जुन्या पंपाच्या बॉडीत आत बोटाला लागतील असे खड्डे होते, पॅकिंगच्या तोंडापर्यंत पोचलेले. मचूळ पाण्यातला क्षार अ‍ॅल्युमिनियमला सोडत नाही. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलंय.

माझा खरेदीचा नियम आता असा झालाय: हवेचा फिल्टर, होज क्लिप, वायपर स्वस्तातले चालतात. होज स्वस्तातला घेतला तर वळण जुन्याशी ताडून बघायचं, सरळ होज वाकवून बसवला की वळणावर चिमटतो. टायमिंग बेल्ट, हेडचं पॅकिंग आणि ऑइल फिल्टर मात्र अस्सल नाहीतर नावाजलेल्या कंपनीचेच. पुढची बाजू मोकळी होतीच, म्हणून टायमिंग बेल्टही बदलून घेतला, दात मोजून आणि रुंदी ताडून.

चाचणी देवगडहून नांदगाव, फोंडा आणि मग घाट. चढावर मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ ओढली. दाजीपूरला बॉनेट उघडून बघितलं: गळतीच्या भोकाखाली कोरडं, पट्ट्याच्या दोन्ही कुशी सारख्या चमकदार, भुकटी नाही.

पुढचं काम पिस्टन रिंगांचं. ०.२५ मिमी ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा तेवढा मोठा) स्वस्त संच आलाय. बोअर करून झाल्यावर प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून टोकांमधली फट फिलर गेजने मोजणार. बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ हा ठोकताळा धरला तर आपल्या मापाला ०.२७ मिमीच्या आसपास यायला हवी. फट कमी भरली तर कानशीने वाढवता येते, जास्त भरली तर संच परत.

कोणाकडे एफ८बीचा अस्सल, न वापरलेला वॉटर पंप असेल तर पॅकिंगच्या तोंडापासून फ्लँजपर्यंतची उंची व्हर्नियरने मोजून कळवा. माझं माप झिजलेल्या जुन्या पंपावरून घेतलेलं आहे, ते नव्याशी ताडून बघायचंय.