माझ्या गोष्टीतली आई चौकीत का थांबत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर पुस्तकानंतर विचारता म्हणून लिहिते. माझ्या रहस्यकथांतली आई, पोरावर बेतलं की स्वतःच निघते. 'ताई, हे पटत नाही. कायदा आहे ना?'

आहे. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवा, अपहरण धरूनच तपास करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सांगितलंय. माझी मुलगी सातवीत असताना क्लासहून परतली नाही, तेव्हा चौकीत मी हेच सांगितलं. हवालदार म्हणाले, 'मैत्रिणीकडे असेल. फोटो घेऊन या, बघू.' माणूस उर्मट नव्हता. पाणीही दिलं. तो ग्लास तसाच ठेवून मी बाहेर पडले. क्लासखालचा झेरॉक्सवाला म्हणाला, बसमध्ये चढताना दिसली. कुठल्या? आठवेना. तो दुकान बंद करत होता. मी शटर धरून उभी राहिले, नंबर आठवेपर्यंत. मग बस डेपोत शिरून 'क्राइम ब्रँचमधून आलेय' असं धडधडीत सांगितलं. तोतयागिरी हा गुन्हा आहे हे माहीत असून. लगेच फोन फिरले. चुकीच्या बसमध्ये तिला झोप लागली होती. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने बसवून ठेवलं होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा खोटं बोलेन.

मी आईपणाचा उदोउदो करते, असंही म्हणता. नाही करत. हिरकणीची आख्यायिका आठवा. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं भुकेलेलं, म्हणून ती कडा उतरली. त्यातला पहारेकरी दुष्ट नाही, तो हुकूम पाळतोय. मला भीती वाटते ती या जागेची. तिथेच माझी गोष्ट सुरू होते.

पूर्वी मी शेवटच्या पानावर खलनायकाला पोलिसांच्या हवाली करायचे. ती पानं आता मला खोटी वाटतात. पण तेव्हाची मी एक प्रश्न विचारायची, तो अजून सुटलेला नाही: आईला किती माफ? दुसऱ्याचा जीव वाचवायला कायदा हात उचलू देतो; जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ९७, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतलं ३५. धोका टळला की तो हक्क संपतो. माझी नायिका त्यानंतरही एक घाव घालते. नव्या कादंबरीचा खर्डा वाचून मुलगीच म्हणाली, 'आई, तो पडलाय. आता थांबव तिला.' मी घाव खोडला, परत लिहिला. तो पुन्हा उठणार नाही, याची हमी त्या बाईला कोण देणार?